नव्या फेणेविषयी

पुणे

चि. सई हिस,


कॉलेजच्या अंकासाठी तू लिहिलेला लेख नीट वाचला. ‘फास्टर फेणे’ चित्रपटावर तू चिडून लिहिलं आहेस आणि मला ते आवडलं. एखाद्या गोष्टीवर जीव असल्याशिवाय माणूस असा चिडत नाही. तरी लेख इतक्यात छापायला देऊ नकोस. फेणे शाळकरी राहिला नाही, त्याची विद्याभवन शाळा नाही, हातात मोबाइल आला, हे सगळं तू बरोबर टिपलंस. पण ही नुसती यादी झाली. कोणत्या बदलाने काय गेलं आणि कोणत्या बदलाने काय हाती लागलं, ते लिही.

भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश फेणे फुरसुंगीचा. अंगाने काटकुळा, सायकलवर सुसाट, आणि अचाट शक्ती म्हणशील तर एकही नाही. तरी आम्हा पुण्याच्या मुलांचा सुपरहिरो तोच होता. 1980च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, तेव्हाही घराघरांत वाद झालेच. प्रत्येकाच्या मनातला फेणे वेगळा. त्यामुळे ‘खरा फेणे असा नाही’ एवढ्यावर लेख उभा राहत नाही.

2017च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला, तो मी कोथरूडला पाहिला. अमेय वाघने जीभ टाळूला लावून पहिल्यांदा ‘ट्टॉक्’ केलं आणि माझ्या रांगेतल्या चाळिशी उलटलेल्या दोन-तीन माणसांनी बसल्या जागी तोच आवाज काढला. त्यांची मुलं वळून त्यांच्याकडे बघत राहिली, कारण त्यांना काहीच संदर्भ नव्हता. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. झाले आहेत, लेखक आणि त्याचा नायक एका घरात बोलत बसलेले पाहून मला भरून आलं. दूरदर्शनवर चिमणराव साकारलेल्या नटाकडे ही भूमिका जावी, हे मला फार योग्य वाटलं.

आता वयाचं बघ. त्याच वर्षी जुलैत ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ आला होता. 2002 आणि 2012च्या अवतारांनंतरचा हा तिसरा. त्यात निर्मात्यांनी पीटर पार्करला पंधरा वर्षांचा करून परत शाळेत बसवलं. आपल्याकडे उलट झालं: शाळकरी फेणे मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आला. तू याला घात म्हणतेस. मी म्हणते, पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांनी आजचं पुणं नीट पाहिलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका, क्लासच्या पाट्या, गावाकडून आलेली, कॉटबेसिसवर राहणारी पोरं... या शहरात फेणेला आज गुन्हा सापडेल तो परीक्षेच्या धंद्यातच. मध्य प्रदेशातला व्यापमं परीक्षा घोटाळा 2013 साली उघडकीस आला होता, तेव्हा हे काही हवेतलं नव्हे. परीक्षेला आलेल्या एका मुलाचा मृत्यू आत्महत्या म्हणून गुंडाळला जातो आणि फेणेला ते पटत नाही. मोठी माणसं म्हणतात ‘जाऊ दे’, हा म्हणतो ‘का म्हणून?’ पुस्तकातला फेणे तरी दुसरं काय करत होता? माझ्या दृष्टीने तो इथे शाबूत आहे.

खरं नुकसान वेगळंच आहे आणि ते तुझ्या लेखात अजिबात नाही. भागवत लिहीत होते ते मुलांसाठी. हा चित्रपट आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दाखवावा की नाही, असा प्रश्न पडतो. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा इतका जबरदस्त आहे की तो पडद्यावर आला की नजर त्याच्यावरून हटत नाही. पण त्याची दहशतही तेवढीच खरी वाटते. ज्या वयात आम्ही फेणेला भेटलो, त्याच वयाची मुलं नेमकी या भेटीतून वगळली गेली. पुस्तकातला धोका पोराच्या कुवतीचा असायचा, सायकल जोरात हाणली तर सुटका होईल एवढा. तो हलकेपणा इथे राहिला नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. भांडायचंच असेल तर यासाठी भांड, अगदी कडक शब्दांत.

आणखी एक. मित्रमंडळी टाळ्या वाजवतील म्हणून टोमणे मारू नकोस. ‘पैसे कमवायला नाव वापरलं’ हे तुझं वाक्य काढून टाक; त्याला तुझ्याकडे पुरावा नाही. अमेय वाघचं काम तुला कुठे आवडलं तेही मोकळेपणाने लिही. तुला ते आवडलं होतं, फोनवर तूच सांगितलंस.

‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ आणि ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ ही दोन्ही पुस्तकं उद्या कुरिअरने पाठवते. तू लहानपणी ती माझ्या तोंडून ऐकली आहेस, स्वतः वाचलेली नाहीस. आधी वाच, मग चित्रपट परत बघ, मग दुसरा खर्डा लिही. घरातल्या छोट्या चिनूलाही एक गोष्ट वाचून दाखव आणि तो कुठे हसतो, कुठे पुढचं पान उलटायची घाई करतो, ते मला कळव.

तुझी,
आत्या