मी फोटो काढायला शिकतो

आपल्या ताडोबात झाडांना कॅमेरे बांधून वाघ मोजतात. वाघ समोरून गेला की फोटो आपोआप निघतो. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लावतात. जवळ माणूस उभा राहत नाही.

मी बाबांच्या मोबाईलवर बुलबुलापासून सुरुवात केली. कुंपणाच्या मेंदीत त्याचे घरटे होते. अंडी दिसेनात म्हणून मी दोन फांद्या बाजूला बांधल्या. फोटो झकास आला! दुसऱ्या दिवशी कावळ्याने अंडी नेली. आजी म्हणाली, “आडोसा तूनंच काढला नं बाप्पा!”

आता घरट्याचा फोटो नाही. सकाळी ऊन पाठीशी घेऊन हापशीच्या डबक्यापासून दहा पावलांवर गप्प बसतो. काल दयाळ आला. फोटोत नुसती शेपटी आली.