बंदुकीच्या कुलपाला किती पैसे पडतात?

मिशिगनमध्ये 15 नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात माझे कितीतरी सहकारी रजेवर असतात. वर्षभर तळघरात पडून असलेल्या बंदुका बाहेर निघतात, तेलपाणी होतं, गाडीत चढतात, उतरतात. याच दिवसांत थंडी वाढते, मुलांचं अंगणातलं खेळणं बंद होतं आणि एकमेकांच्या घरी राहायला जाण्याची टूम निघते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा असं बोलावणं आलं. शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, झोपायची वेळ असं सगळं मी त्या मित्राच्या आईशी फोनवर बोलले. बंदुकीचं विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

येणार तरी कसं? महाराष्ट्रात बंदुकीचा परवाना काढायचा तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलिस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. तुमच्या-माझ्या माहेरी-सासरी ती वस्तू कुणी हातात धरलेली नसते. अमेरिकेत मात्र ती शेजारच्या कपाटात असू शकते. 2020 पासून इथे 1 ते 19 वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. मोटार अपघात त्याखाली गेले. म्हणून इथे राहणाऱ्या मराठी आईबापांसाठी आणि नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने येणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा खर्चाचा हिशेब मांडते आहे.

सगळ्यात स्वस्त वस्तूपासून सुरुवात करू. तारेचं कुलूप फुकट मिळतं. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेतलं की त्याच्याबरोबर कुलूप किंवा तत्सम साधन द्यायलाच हवं, असा 2005 पासून अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. हरवलं असेल तर ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या योजनेतून अनेक पोलिस ठाणी ते मोफत देतात. इथल्या बऱ्याच काउंट्यांच्या आरोग्य विभागातही मिळतं. विकत घेतलं तरी दहा-पंधरा डॉलर. सायकलच्या कुलपासारखीच प्लास्टिकचं आवरण असलेली तार असते. पिस्तुलाची मॅगझिन काढायची, आत गोळी उरलेली नाही हे डोळ्यांनी पाहायचं, मग तार वरच्या फटीतून आत घालून मुठीच्या पोकळीतून बाहेर काढायची आणि कुलपाला खटका मारायचा. तार आत असेपर्यंत गोळी भरता येत नाही. त्याच किमतीत चापावर बसणारं कुलूपही मिळतं, पण ते भरलेल्या बंदुकीवर कधीच लावायचं नसतं. लावताना चाप दाबला जाऊ शकतो.

त्यापुढची पायरी म्हणजे पोलादी पेटी. किल्लीची किंवा आकड्यांची छोटी पेटी साधारण 25 ते 60 डॉलरला येते, बटणांची किंवा बोटाच्या ठशाची झटपट उघडणारी 100 ते 300 ला. शिकारीच्या लांब बंदुकांना उभं पोलादी कपाट लागतं, त्याचे दीडशे ते तीनशे. आगीतही टिकणारी तिजोरी सहाशेपासून पुढे कितीही, आणि ती तळघरात उतरवून देणाऱ्यांचे पैसे वेगळे. काडतुसांसाठी वेगळी कुलपाची पेटी घ्या, त्यात काटकसर नको. बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात, असंच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

बोटाच्या ठशाच्या पेट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण महाग म्हणजे सुरक्षित असं आपण धरून चालतो. ऑक्टोबर 2023 मध्ये एका कंपनीच्या सुमारे 61,000 पेट्या बाजारातून परत मागवल्या गेल्या. मालकाने आपला ठसा नोंदवेपर्यंत त्या कुणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि नोंद झाली असा मालकाचा समज मात्र होत होता. बारा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूचा दावा त्यातून न्यायालयात गेला. तेव्हा अशी पेटी घेतलीत तर ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर मॉडेल तपासा. मग घरातल्या प्रत्येकाचं बोट, चमच्याचं टोक, ओला अंगठा असं सगळं लावून पाहा. आकड्यांची पेटी असेल तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहीत नाही. मी राहते त्या ट्रॉयहून ऑक्सफर्ड गाव मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, एकाच ओकलंड काउंटीत. 30 नोव्हेंबर 2021 ला तिथल्या शाळेत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार मुलांचा जीव घेतला. पिस्तूल चारच दिवस आधी त्याच्या वडिलांनी विकत घेतलं होतं. खटल्यात समोर आलं ते असं: पिस्तुलाबरोबर मिळालेलं तारेचं कुलूप प्लास्टिकच्या वेष्टनातच होतं, आणि घरातल्या तिजोरीचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता, शून्य-शून्य-शून्य. वडिलांच्या खटल्यात सरकारी वकिलांनी ज्यूरीसमोर तेच कुलूप लावून दाखवलं. दहा सेकंदही लागले नाहीत. जेम्स आणि जेनिफर क्रम्बली या आईबापांना 2024 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यापूर्वी जामीन हवा असता तर तो प्रत्येकी पाच लाख डॉलरचा होता.

तो गोळीबार झाला तेव्हा मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवायचा कायदाच नव्हता. तो 13 फेब्रुवारी 2024 पासून लागू झाला. अल्पवयीन मूल घरात आहे किंवा येण्याची शक्यता आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा ठाऊक असायला हवं, त्याने लक्ष नसताना बंदूक कुलपाच्या पेटीत ठेवायची, किंवा रिकामी करून कुलूप लावायचं. ‘मूल आमचं नव्हतं, पाहुण्यांचं होतं’ ही सबब इथे चालत नाही. मुलाच्या हाती बंदूक लागली आणि त्याने ती चारचौघांत मिरवली किंवा कुणावर रोखली, तर 93 दिवसांपर्यंत कैद आणि 500 डॉलरपर्यंत दंड. गोळी सुटून कुणी जखमी झालं तर पाच वर्षं आणि 5,000, अवयवाला गंभीर इजा झाली तर दहा वर्षं आणि 7,500, जीव गेला तर पंधरा वर्षं आणि 10,000. आईबापांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली मुलाने शिकारीला किंवा नेमबाजीला जाणं वेगळं, त्याला सूट आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. घर बदललं की आधी ते वाचा.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्ड असेल तर बाळगता येते, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देश सोडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून बंदूक घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाची तासाभराची फी द्यायला कचरू नका.

‘आमच्या पोराला कुठे ठेवलीय ते माहीतच नाही’ हे मी आपल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं म्हणणाऱ्या आईबापांपैकी 39 टक्के लोकांच्या मुलांनी जागा ठाऊक असल्याचं सांगितलं. आणि लहान मुलाच्या बोटांत जोर नसतो हाही भ्रम आहे. जानेवारी 2023 मध्ये व्हर्जिनियात सहा वर्षांच्या मुलाने आईचं पिस्तूल दप्तरातून नेऊन वर्गात शिक्षिकेवर गोळी झाडली. त्या आईला तुरुंगवास झाला.

वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत धोका वेगळा आहे आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. मार्क, प्रेमभंग, शाळेतला अपमान, अशा एखाद्या रात्री मूल स्वतःच्या जिवावर उठतं. ती लाट कित्येकदा काही मिनिटांतच ओसरते. त्या मिनिटांत हाताशी बंदूक नसणं म्हणजे मूल वाचणं. घरात असं काही जाणवलं तर बंदूक काही काळ घराबाहेर हलवा आणि 988 या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

आता पुन्हा त्या फोनकडे. पुढच्या बोलावण्याच्या वेळी मी शेंगदाण्यांनंतर लगेच विचारलं, “घरात बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते ना?” घसा कोरडा पडला होता. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आहे, नवऱ्याची शिकारीची. तळघरात कपाटात असते, किल्ली त्याच्याकडे. आलीस की दाखवते.” तिने खरंच दाखवलं, आणि जाता जाता म्हणाली की आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

आजी-आजोबांनी नातवाला सोडायला जाताना विचारलं तरी चालेल, इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालेल. उत्तर पटलं नाही तर त्या मुलाला आपल्या घरी बोलवा, पिझ्झाचे वीस डॉलर आपण द्या. पण मूल दुसऱ्याच्या घरी राहायला निघायच्या आधी हा प्रश्न विचारा.