स्वमग्न सहकारी आणि उत्तरदायित्व

अनेक स्वमग्न व्यक्तींना उच्चारलेल्या शब्दांचा अर्थ नेमका कळतो. परंतु सूचक मौन, कपाळावरील आठी किंवा उपरोध यांचा अर्थ लावणे त्यांना कठीण जाते. समजा, जबलपूर जिल्ह्यातील कुंडमच्या एखाद्या सरकारी कचेरीत अशा कारकुनाने सर्वांदेखत साहेबांची चूक दाखविली. हेतू शुद्ध असला, तरी त्यांचे मन दुखावले हे खरेच. त्याबद्दल त्याने क्षमा मागावी. मात्र चूक कोठे व कशी सांगावी, हे साहेबांनीही त्याला एकांतात स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय आस्थापनांवर वाजवी सोयी पुरविण्याचे बंधन घातले आहे. स्पष्ट सूचना ही अशीच एक सोय होय. न सांगितलेल्या नियमासाठी शिक्षा करणे हा अन्याय आहे. सांगितलेला नियम मोडल्यास मात्र इतरांप्रमाणे त्यालाही उत्तर द्यावे लागेल.