वय झालं म्हणून सोडू नका

वय सगळ्यांचंच होतं. केस पांढरे होतात. दात हलतात. गुडघे कुरकुरतात. मग आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!"

पण सगळेच काही वयामुळे होत नाही. शेतात पीक पिवळे पडले तर आपण "चालायचंच" म्हणतो का? नाही. आपण पान उलटून बघतो. मूळ उकरून बघतो. पिकाची एवढी काळजी घेतो, मग शरीराची का घेऊ नये?

आपण एक गोष्ट बघू.

एका गावात एक आजोबा होते. वय पासष्ट. एके दिवशी सकाळी ते धार काढायला गोठ्यात गेले. एकाएकी हातातली चरवी खाली पडली. सून धावत आली.

"मामंजी, काय होतंय?"

आजोबांना बोलता येईना. जीभ जड झाली होती. तोंड एका बाजूला वाकडे झाले होते. उजवा हात लुळा पडला होता.

शेजारी जमले. एक जण म्हणाला, "अंगावरून वारं गेलंय. तेलानं चोळा. दोन दिवस वाट बघू."

सून रात्रीच्या वर्गाला जात होती. दवाखान्याच्या भिंतीवरचा फलक तिने वाचला होता. ती म्हणाली, "चोळायला मागनं वेळ आहे. आधी गाडी बोलवा." तिने १०८ नंबर लावला. भिंतीवरच्या घड्याळातली वेळही बघून ठेवली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता झालं?"

सून म्हणाली, "सहाला मी चहा दिला, तेव्हा धड होते. साडेसहाला चरवी पडली."

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होती. ती विरघळवायचे इंजेक्शन दिले. आज आजोबा काठी घेऊन चालतात. स्वतःच्या हाताने जेवतात. उजव्या हातात पहिल्यासारखा जोर मात्र नाही.

मागाहून एक गोष्ट कळली. आजोबांना रक्तदाबाची गोळी चालू होती. "आता बरं वाटतंय" म्हणून त्यांनीच ती बंद केली होती.

वारं जातं म्हणजे काय होतं?

शेताला पाटाने पाणी जाते, तसे मेंदूला शिरांतून रक्त जाते. पाट तुंबला तर पुढचे पीक वाळते. पाट फुटला तरी नुकसानच. मेंदूचे तसेच आहे. शीर तुंबते किंवा फुटते. मग मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. यालाच पक्षाघात किंवा लकवा म्हणतात.

तीन खुणा ध्यानात ठेवा:

१. हसायला सांगा. तोंड वाकडे होते का?
२. दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली पडतो का?
३. एखादे वाक्य बोलायला सांगा. बोलणे बोबडे येते का?

यातली एक खूण एकाएकी दिसली तरी लगेच १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट येते. गाठ विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. जितके लवकर, तितके चांगले. रोग्याच्या तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. ती श्वासनळीत जाऊ शकते. थोड्या वेळाने खुणा आपोआप गेल्या तरी घरी थांबू नका. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

मुकाट्याने वाढणारा रोग

रक्तदाब वाढला तरी पुष्कळांना काहीच कळत नाही. डोके दुखत नाही. चक्कर येत नाही. म्हणून तो मोजूनच घ्यावा लागतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, आणि पुन्हा मोजूनही तेवढाच आला, तर औषधपाणी करावे. आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. गावातल्या आशाताईंना विचारा.

गोळी चालू आहे म्हणून रक्तदाब ठीक असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नका. पापड, लोणचे आणि वरून मीठ कमी करा. दिवसभरात सगळे मिळून एका लहान चमच्याहून जास्त मीठ नको.

आणखी काही खुणा

छातीत दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते. अशा वेळी "गॅस झाला" म्हणून सोडा पीत बसू नका. हा हृदयाचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.

तहान फार लागते. लघवीला वारंवार जावे लागते. पायाची जखम भरत नाही. मग रक्तातली साखर तपासा.

तंबाखू खाणाऱ्यांनी आणि मिश्री लावणाऱ्यांनी आरशात तोंड बघावे. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवडे फोड भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट मिळते.

पाळी बंद होऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त गेले, तर बायांनी लाजू नये. लगेच दाखवावे.

म्हातारपण हा काही रोग नाही. पण रोग म्हातारपणाचे पांघरूण घेऊन येतो. ते पांघरूण उचलून बघायला शिकू या.

सांगा पाहू

१. सुनेने घड्याळ का बघितले?
२. पक्षाघाताच्या तीन खुणा कोणत्या?
३. तुमच्या घरात चाळिशीच्या पुढची माणसे किती? त्यांचा रक्तदाब शेवटी कधी मोजला?
४. १०८ हा आकडा मोठा लिहा आणि घरच्या भिंतीवर लावा.