पिल्लू गप्प बसलं म्हणजे भीती गेली असं नाही

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर पाय पडला की तो किंचित हलतो आणि बरीच पिल्लं तिथंच अंग चोरतात. मग मालक पिल्लाला दाबून धरतात आणि मलाच समजावतात, “डॉक्टर, एकदा जबरदस्ती केली की भीती मोडते.” मोडत नाही. उलट पक्की होते.

चार महिन्यांचं एक लॅब्रॅडॉर आठवतं. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून घरच्यांनी त्याला रोज झोपाळ्यावर धरून झोके दिले. आधी ते केकाटलं, मग गप्प झालं. घरचे खूश! थोड्याच दिवसांत ते लिफ्टमध्ये शिरेना, गाडीत लाळ गाळू लागलं. ते धीट झालं नव्हतं; ओरडून सुटका होत नाही, एवढंच त्याला कळलं होतं. शेपूट पोटाखाली, कान मागे, सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, आवडता खाऊही नको. अशा वेळी थांबायचं असतं. व्हिडिओ काढत बसायचं नसतं.

असं झालं असेल तरी हातपाय गाळू नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. पुढेही शिकतं, फक्त वेळ जास्त लागतो. लसीकरण पूर्ण व्हायचंय, ही सबब इथं चालत नाही. हलत्या जागेवर पाय ठेवायचा सराव घरातच होतो. आधी जमिनीवर मऊ गादी. मग एक रुंद फळी, खाली गुंडाळलेला टॉवेल, वर न घसरणारं पायपुसणं. फळी बोटभर कलली तरी पुरे. खाऊ फळीवर ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. त्यानं एकच पाय ठेवला तरी शाबासकी द्या. उतरावंसं वाटलं तर उतरू द्या. हवं तेव्हा उतरता येतं हे कळलं, की ते आपणहून पुन्हा चढतं. दोन-तीन मिनिटांत खेळ बंद.

उंची वाढवू नका, उड्या मारायला लावू नका. हाडांची वाढती टोकं वर्षभर नाजूक असतात, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंतही. आणि मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर कुत्र्याला कधीच नेऊ नका. नखं, बोटं अडकून फाटतात.

आता महत्त्वाचं. तोल जाण्याचं कारण दर वेळी भीतीच असते असं नाही. मान एका बाजूला कलणं, बुबुळं आपोआप हलत राहणं, गोल गोल फिरणं, सपाट फरशीवरही धडपडणं, अंगाला झटके येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. लंगडणं किंवा सशासारखे मागचे दोन्ही पाय एकत्र टाकत पळणं दिसलं, तर सराव थांबवून सांधे तपासून घ्या.

“पाय कमजोर आहेत” म्हणून दुकानदारानं दिलेलं कॅल्शियम परस्पर सुरू करू नका. मोठ्या जातीच्या पिल्लात जादा कॅल्शियमनं हाडांची वाढ बिघडते. घरातली आयबुप्रोफेनची वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चुकून दिलीच असेल तर लपवू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन ताबडतोब या. मी रागावेन, पण उपचार वेळेत सुरू होतील.