शेजारच्या टेबलाचे दुखणे

दर शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याला रुग्ण तपासायला जातो. तिथे एक लिपिक आले, वय ४६. झोप नाही, छातीत जळजळ, रक्तदाब दोनदा मोजला तरी १५०/९६. तपासण्यांत दुसरे काही निघाले नाही. शर्टाची बटणे लावता लावता म्हणाले, "डाक्टरसाहेब, माह्या मांगून लागलेला पोरगा साहेब झाला, अन् मी अजून त्याच टेबलावर." दुखणे इथे होते!

वाचकहो, सहकाऱ्याशी तुलना करणे हा काही रोग नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले की, मोजायला दुसरी पट्टी नसली की माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसाशी ताडून पाहतो. म्हणून कलेक्टरचा हेवा वाटत नाही, शेजारच्या टेबलाचा वाटतो.

पण त्याच तुलनेने एकजण पुस्तक उघडतो आणि दुसरा रात्रभर कुशी बदलतो, असे का? पेनेलोप लॉकवुड व झिवा कुंडा यांनी कॅनडात अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातील एका यशस्वी विद्यार्थ्याची माहिती वाचायला दिली. हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसा आला नाही. पहिल्यांच्या हाती अजून वेळ होता. दुसऱ्यांची गाडी फलाटावरून सुटली होती.

मीही यातून सुटलो नाही. महाराष्ट्रात आम्हा डॉक्टरांना नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत शैक्षणिक परिषदांचे ३० गुण जमवावे लागतात. एका वर्गमित्राचे नाव वक्ता म्हणून छापलेले दिसले की मी सही करून मागच्या दाराने चहाला जाई. शिकणे राहिलेच, वर पित्त! एकदा शेजारी बसलेल्या तरुण डॉक्टरच्या वहीत डोकावलो. कार्डिओग्राम वाचण्याची त्याची पद्धत मलाही जमण्यासारखी होती. तेव्हापासून पूर्ण वेळ बसू लागलो.

लिपिकांना विचारले, "त्याने खात्याच्या परीक्षेचा अभ्यास कसा केला?"

"काय माहीत! बोलणंच बंद आहे."

गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितले. शिवाय म्हटले, त्याच्या खुर्चीकडे पाहू नका. त्याने काय वाचले ते विचारा आणि महिनाभरात जमेल तेवढेच धरा. (उदासी व झोपमोड दोन आठवड्यांवर टिकली, तर वाचकांनी डॉक्टरांना जरूर दाखवावे.)

दीड महिन्याने आले. रक्तदाब १३८/८८. पिशवीतून दोन जुन्या वह्या काढून दाखवल्या.

"त्यानंच देल्ल्या, साहेब."

परीक्षा अजून व्हायची आहे. गोळी चालू आहे.