उभ्या गाडीची गळती

मित्रांनो, शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की मला घाम फुटतो. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण जे सांगायचं आहे ते मला आमच्या चिंचणीच्या वाडीतल्या विहिरीच्या पंपावरून समजलं, म्हणून ते मराठीतच लिहिते.

आमच्याकडे एक मारुती ८०० आहे. या गाड्या १९८३ ते २०१४ पर्यंत बनत होत्या. आमची गाडी माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी. बाबा रोज बोईसरहून लोकलने जातात, त्यामुळे गाडी फक्त रविवारी निघते. गेल्या वर्षी तिची बॅटरी वारंवार उतरू लागली. बदलली, तरी तेच.

जुलैमध्ये एका रात्री आजीला दम लागला. बाबांनी चावी फिरवली तर नुसतं टक् टक् टक्. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या व्हॅनमधून बोईसरला नेलं. आजी बरी झाली, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. १९६९ साली जिथे देशातली पहिली अणुवीज तयार झाली, त्या तारापूरच्या शेजारचे आम्ही, आणि दारातल्या गाडीत स्टार्टरपुरता करंट नाही! त्यात गाडीतला टेप मी फर्स्ट इयरच्या सुट्टीत स्वतः बसवला होता. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं टेपकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मल्टिमीटर घेऊन घरी गेले. बॅटरी पूर्ण चार्ज केली (तासभर स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी). चावी काढली, दारं लावली. हातातली बांगडी काढून ठेवली, कारण धातू दोन्ही टोकांना टेकला तर भाजतं. मग दहाच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवला आणि मीटर दहा अॅम्पिअरच्या रेंजवर लावून, टर्मिनल आणि सुटलेली वायर यांच्या मध्ये जोडला. म्हणजे जो काही करंट बाहेर जाईल तो मीटरमधूनच जाणार. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही. बाबांनी सवयीने मारला आणि मीटरचा फ्यूज उडाला. तो दिवस बोईसरला फ्यूज शोधण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी रीडिंग आलं ०.३८ अॅम्पिअर. उभ्या गाडीत साधारण ०.०५ पर्यंत चालतं. (नव्या गाड्यांत कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो, अर्धा तास थांबून रीडिंग घ्यावं.) आता हिशोब करा: ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला नऊ अॅम्पिअर-अवर. आमची बॅटरी ३५ ची. चार दिवसांत खलास, आणि स्टार्टर तर त्याच्या आधीच मान टाकतो. रविवार ते रविवार गाडी टिकणार कशी?

मग एकेक फ्यूज काढायचा आणि मीटर बघायचा. फ्यूज डॅशबोर्डखाली असल्यामुळे दार उघडावं लागतं आणि आतला दिवा लागतो, म्हणून दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं. टेपचा फ्यूज काढताना खरं सांगते, छाती धडधडत होती. रीडिंग ०.३८ वरून ०.३६ झालं. म्हणजे टेप घड्याळ आणि मेमरीसाठी फक्त ०.०२ घेत होता. बाकीचे सगळे फ्यूज काढले तरी ०.३६ हलेना.

संध्याकाळी डोकं धरून विहिरीपाशी बसले होते. बाबा पंपात बादलीने पाणी ओतत होते. "फूटव्हॉल्व गळतोय गं, रात्रभर पाणी परत विहिरीत उतरतं." आणि ट्यूब पेटली! परत उतरणं!

आमच्याकडे अजून सगळे डायनॅमोच म्हणतात, पण गाडीत असतो अल्टरनेटर. तो एसी तयार करतो आणि बॅटरीला हवा डीसी. म्हणून त्याच्या आत किमान सहा डायोड असतात. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व: करंट बॅटरीकडे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तो गळू लागला की इंजिन बंद असताना बॅटरी अल्टरनेटरमधूनच उतरते. ही जाड वायर आमच्या गाडीत डॅशबोर्डखालच्या एकाही फ्यूजमधून जात नाही, म्हणूनच फ्यूज काढून काही कळलं नाही. डायोडचा लीकेज करंट आपण सगळ्यांनी लॅबमध्ये मोजलाय (निदान जर्नलमध्ये तरी उतरवलाय), पण तो कुणाची गाडी अडवतो हे मला तेव्हा कळलं.

सकाळी बॉनेट उघडून हात लावला. इंजिन थंडगार, अल्टरनेटर किंचित कोमट. ०.३६ अॅम्पिअर म्हणजे साडेचार वॅट, ते रात्रभर तिथेच जळत होते. निगेटिव्ह काढून ती जाड वायर सोडवली (ती चावी बंद असतानाही जिवंत असते, म्हणून निगेटिव्ह आधी), टेपने गुंडाळली, मीटर परत जोडला. रीडिंग ०.०२. वायर अशी सुटी असताना इंजिन मात्र चालू करू नका.

वायर परत जोडून गाडी बोईसरच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने अल्टरनेटर उघडला तर डायोड प्लेटवर हिरवट-पांढरा थर. "समुद्राकडची गाडी ना?" एवढंच म्हणाला. प्लेट बदलली. तेव्हापासून बॅटरी एकदाही उतरली नाही.

तेव्हा मित्रांनो, बॅटरी उतरली की लगेच नवी घेऊ नका, आणि शेवटचा हात ज्याने लावला त्याला दोष देऊ नका. आधी मोजा. दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर पुरतो. बाबांनी पुढच्या रविवारी गाडीत बसल्यावर आपणहून टेप लावला. मागून आजी म्हणाली, "आवाज वाढव की जरा."